होम ऑटोमेशन रिमोट प्रोग्रामिंगचं सर्टिफिकेट: ठाणे-नवी मुंबईतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरातले लाइट, पडदे, एसी, टीव्ही एकाच रिमोटवरून चालतील अशी सोय करून देणं, म्हणजे होम ऑटोमेशन, हा आमचा धंदा. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवले आहेत. विचारणारे बहुतेक आयटीआय किंवा डिप्लोमा झालेले, काही सीसीटीव्ही आणि डिशची कामं करणारे, काही त्यांचे आईवडील. शेवटचे दोन-तीन प्रश्न घरमालकांचे आहेत.

रिमोट प्रोग्राम करायला सर्टिफिकेट कशाला? यूट्यूब बघून होतं की.

एका खोलीत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार एवढंच असेल तर खरंच होतं. त्यासाठी कुणी कोर्स करू नये. अडतं ते घोडबंदर रोडवरच्या चार बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. तिथे एकाच रिमोटवरून पडदे, लाइट, पाच एसी, होम थिएटर आणि दाराचा व्हिडिओ फोन चालवायचा असतो. अशा कामाची सॉफ्टवेअर्स कुणालाही डाउनलोड करता येत नाहीत. कंट्रोल४चं कंपोझर प्रो, आरटीआयचं इंटिग्रेशन डिझायनर, यूआरसीच्या टोटल कंट्रोलचं सॉफ्टवेअर, ही सगळी अधिकृत डीलरसाठी राखलेली असतात, आणि डीलरच्या माणसाने आधी ट्रेनिंग केलेलं असावं अशी कंपनीची अपेक्षा असते. सर्टिफिकेटचा पहिला उपयोग हा: सॉफ्टवेअर हातात येतं. मान वगैरे नंतर.

हे सर्टिफिकेट सरकारी असतं का? देतं कोण?

सरकारी नसतं. देणारे तीन प्रकारचे आहेत, आणि यात गल्लत झाली की पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

पहिला प्रकार कंपनीचा. क्रेस्ट्रॉन, कंट्रोल४, सॅव्हंट, आरटीआय, यूआरसी, लुट्रॉन, एएमएक्स, यातली प्रत्येक कंपनी आपापल्या मालाचं ट्रेनिंग देते आणि आपापलं सर्टिफिकेट देते. क्रेस्ट्रॉनचं सर्टिफिकेट घेऊन कंट्रोल४च्या साइटवर गेलात तर तिथे त्याचा उपयोग तुमच्या अनुभवाचा दाखला म्हणून होईल, तेवढाच.

दुसरा प्रकार प्रोटोकॉलचा (उपकरणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत), आणि त्यात आपल्याकडे सगळ्यात कामाचं नाव केएनएक्स. केएनएक्स असोसिएशनचं मुख्यालय ब्रसेल्सला आहे. १९९९ मध्ये ईआयबी, बॅटिबस आणि ईएचएस या तीन युरोपीय पद्धती एकत्र आणून हे तयार झालं, आणि २००६ मध्ये त्याला आयएसओ/आयईसी १४५४३-३ म्हणून आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. इथे माल शेकडो कंपन्यांचा, पण प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर एकच, ईटीएस. त्यामुळे एकदा शिकलेलं एबीबीच्या साइटवरही चालतं आणि श्नायडरच्याही.

तिसरा प्रकार व्यावसायिक संघटनांचा. सीडिया ही १९८९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली, घरांसाठी काम करणाऱ्या इंटिग्रेटरांची (वेगवेगळी उपकरणं जोडून एक सिस्टीम उभी करणाऱ्यांची) संघटना. केबलिंगच्या पायाभूत कामासाठी सीआयटी आणि एकूण सिस्टीमच्या कामासाठी आयएसटी अशी तिची प्रमाणपत्रं आहेत. दुसरी अव्हिक्सा, ऑडिओ-व्हिडिओ व्यवसायाची संघटना, जिचं २०१७ पर्यंतचं नाव इन्फोकॉम इंटरनॅशनल होतं. ती सीटीएस (सर्टिफाइड टेक्नॉलॉजी स्पेशलिस्ट) देते. दोन्हींचा भर कुठल्याही एका कंपनीच्या मालावर नसतो.

मी कुणाचाच डीलर नाही. एकट्याने क्रेस्ट्रॉन किंवा कंट्रोल४चं सर्टिफिकेट मिळेल का?

ऑनलाइनची वरवरची काही ओळख होईल, पण पुढे जायचं तर डीलर कंपनीच्या खात्यातूनच जावं लागतं. म्हणून हे सर्टिफिकेट आधी काढून नोकरी शोधायची नसते. नोकरी आधी, सर्टिफिकेट मागाहून, तेही कंपनीच्या खर्चाने.

यातली मेख लक्षात घ्या. ट्रेनिंग तुमच्या नावावर झालं तरी लॉगिन डीलरच्या खात्याला जोडलेलं असतं. नोकरी सोडली की सॉफ्टवेअर बंद. पुढच्या डीलरकडे गेल्यावर तुमचं जुनं ट्रेनिंग त्याच्या खात्याला जोडून घेता येतं का, हे राजीनामा देण्याआधी विचारायचं. आणि ट्रेनिंगच्या बदल्यात दोन-तीन वर्षांचा बाँड पुढे केला तर सही करण्याआधी एवढं बघा: बाँडमधली रक्कम प्रत्यक्ष ट्रेनिंगच्या खर्चाएवढी आहे का, आणि जसजसे महिने जातील तसतशी ती कमी होते का. शेवटच्या महिन्यातही पूर्ण रक्कम मागणारा बाँड आम्ही आमच्या भाच्याला घेऊ देणार नाही.

मग पहिलं कुठलं करू?

आमचं मत सरळ आहे: नोकरी नसेल तर केएनएक्स. कारण ते माणसाच्या नावावर मिळतं, कुणाची डीलरशिप लागत नाही, आणि एका ब्रँडचा बाजार पडला तरी तुम्ही पडत नाही. नोकरी असेल तर मालक जे ब्रँड विकतो त्याचं करा, तिथे निवडीचा प्रश्नच नाही. सीटीएस दोन-तीन वर्षं काम झाल्यावर. कॉलेजातून थेट सीटीएस देणारी मुलं असतात, पासही होतात, पण साइटवर आरएस-२३२ची (उपकरणाला तारेवरून आज्ञा पाठवायची जुनी पद्धत) केबल सरळ आहे की क्रॉस हे ओळखता आलं नाही की सुपरवायझर ऐकवतोच.

आमचा मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन करतोय. इंजिनीअर नसेल तर चालेल?

चालेल, आणि काही बाबतीत तोच पुढे राहील. डीबी (एमसीबींचा बॉक्स) उघडून फेज-न्यूट्रल ओळखणारा, कॉन्ड्युटमधून केबल ओढलेला मुलगा प्रोग्रामिंग शिकला की साइटवर कुणाची वाट बघत बसत नाही. वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेल्या मुलाला पुढे नेटवर्किंग शिकायला लावा. आयपी ॲड्रेस, सबनेट, डीएचसीपी, व्हीएलॅन. आजकालच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त गोष्टी शेवटी वाय-फाय राउटरवर येऊन थांबतात, असा आमचा अनुभव आहे.

वयाची अट कुठेच नाही. केबल टीव्हीचं काम करून चाळिशीला आलेले लोकही केएनएक्सला बसतात.

इंग्रजी कच्चं आहे.

परीक्षा इंग्रजीत असतात, मॅन्युअलंही. पण ते इंग्रजी ठरावीक चारपाचशे शब्दांचं असतं आणि तुम्ही त्यातले निम्मे आत्ताच वापरता. बोलण्याचं इंग्रजी वेगळं, त्याची गरज क्लायंटपुढे पडते, आणि ठाण्यातला क्लायंट निम्म्या वेळा मराठीतच बोलतो.

केएनएक्सच्या कोर्समध्ये नक्की काय असतं? परीक्षा अवघड आहे का?

पहिला टप्पा बेसिक कोर्स. तो केएनएक्सने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावा लागतो, साधारण आठवडाभराचा असतो आणि रोज पूर्ण दिवस जातो. शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा. पास झालात की केएनएक्स पार्टनर म्हणून नोंदणी करता येते आणि लोगो वापरता येतो. पुढे ॲडव्हान्स्ड आणि ट्यूटर असे टप्पे आहेत, पण ते पहिल्या वर्षी डोक्यात आणू नका.

लेखी परीक्षेत मुलं अडकतात ती आकड्यांत. हिरवी ट्विस्टेड-पेअर केबल, त्यावर साधारण ३० व्होल्ट डीसी, वेग सेकंदाला ९,६०० बिट. एका लाइनवर एकूण केबल १,००० मीटरपर्यंत. पॉवर सप्लायपासून उपकरण जास्तीत जास्त ३५० मीटरवर, दोन उपकरणांमध्ये जास्तीत जास्त ७०० मीटर. एका सेगमेंटवर (लाइनच्या एका तुकड्यावर) ६४ उपकरणं. प्रत्येक उपकरणाचा पत्ता एरिया, लाइन, उपकरण असा तीन भागांचा, म्हणजे १.१.५ म्हणजे पहिल्या एरियातल्या पहिल्या लाइनवरचं पाचवं. आता ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये ३५० मीटर केबल कधी लागणार, असं वाटतं. लागते हो. केबल सरळ रेषेत जात नाही, ती पीओपीच्या वरून खोलीला वळसा घालून जाते. शिवाय कर्जतच्या फार्महाउसचं काम आलं की गेटपासून बंगल्यापर्यंतच हिशोब संपतो.

प्रात्यक्षिकाचा जीव ग्रुप ॲड्रेसमध्ये आहे. भिंतीवरचं बटण आणि डीबीमधला ॲक्च्युएटर (लाइट प्रत्यक्ष चालू-बंद करणारं उपकरण) एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांना एकाच ग्रुप ॲड्रेसमध्ये घातलं की बटण ओरडतं आणि ॲक्च्युएटर ऐकतो. नावं देताना "लाइट १, लाइट २" लिहिणारा मुलगा परीक्षेत पास होतो आणि साइटवर नापास होतो, कारण दीड वर्षाने तक्रार आली की "लाइट १७" म्हणजे कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. खोली, जागा, काम अशा क्रमाने नाव द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कोर्सला जाण्याआधी ईटीएस सॉफ्टवेअरची डेमो आवृत्ती घरच्या लॅपटॉपवर टाका. ती फुकट आहे आणि पाच उपकरणांपर्यंत चालते. केएनएक्सचा ऑनलाइन ई-कॅम्पसही फुकट आहे. तो करून गेलात तर पहिल्या दोन दिवसांत बाकीचे वहीत उतरवून घेत असतील तेव्हा तुम्ही प्रश्न विचारत असाल.

आणि सीटीएस?

बहुपर्यायी प्रश्न ११०, वेळ अडीच तास, कॉम्प्युटरवर परीक्षा. अनुभवाची अट नाही. तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी त्या काळात ३० युनिटचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. कॉन्फरन्स रूम आणि ऑडिटोरियमची कामं करायची असतील तर याचं वजन जास्त. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांत नोकरी बघणाऱ्याने हे नक्की करावं. फक्त घरांचीच कामं करणाऱ्याला याच्याशिवाय चालतं.

कोडिंग यावं लागतं का?

रिमोटच्या बटणाला काम जोडायला नाही. कंपोझरमध्ये माउसने ओढून होतं. पण बाजारात कुणीतरी नवा एसी किंवा मोटर आणतो, त्याचा तयार ड्रायव्हर (त्या उपकरणाशी बोलणारा छोटा प्रोग्राम) मिळत नाही, आणि तिथे कोड लिहिणाऱ्याची किंमत कळते. कंट्रोल४चे ड्रायव्हर लुआ भाषेत लिहितात. क्रेस्ट्रॉनला सिंपल विंडोज आणि त्याच्यापुढे सी-शार्प. एएमएक्सची जुनी भाषा नेटलिंक्स, आणि त्यांच्या नव्या कंट्रोलरवर पायथन, जावास्क्रिप्टही चालतं. एकच शिकायची तर पायथन शिका. त्याने डोकं तयार होतं, मग लुआ पटकन जमते.

सगळं आता ॲपवर आणि आवाजावर चालतं. इन्फ्रारेड शिकण्यात वेळ घालवू का?

घालवा. याच प्रश्नाचं उत्तर आम्ही मुद्दाम लांब लिहिलं आहे, कारण कोर्सवाले इथे अर्धा तास देतात आणि साइटवर सगळ्यात जास्त फेऱ्या इथेच होतात. आपल्या घरांतले स्प्लिट एसी आणि बरेचसे बीएलडीसी पंखे अजून इन्फ्रारेडवरच आहेत.

रिमोटच्या टोकाचा एलईडी सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो. हा झाला वाहक. तो ठरावीक तालात चालू-बंद केला की कोड तयार होतो. एनईसी पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा झोत, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि मग ३२ बिट: पत्ता, उलटा केलेला पत्ता, आज्ञा, उलटी केलेली आज्ञा. उलटी प्रत तपासणीसाठी असते. सोनी ४० किलोहर्ट्झवर, फिलिप्सचं आरसी-५ ३६ किलोहर्ट्झवर. आरसी-५ मध्ये एक टॉगल बिट असतो, बटण नव्याने दाबलं की तो बदलतो. हे माहीत नसलं की काय होतं? लर्न केलेल्या (मूळ रिमोटवरून उतरवून घेतलेल्या) कोडने चॅनेल ११ लावायला गेलात की टीव्हीला वाटतं बटण एकदाच दाबून धरलंय, आणि एकच १ उमटतो. मग लोक रिमोट बदलतात, एमिटर (उपकरणावर चिकटवलेला इन्फ्रारेड एलईडी) बदलतात, केबल बदलतात.

फिलिप्सने प्रोंटो रिमोटचा धंदा २०१० मध्ये गुंडाळला, पण त्याची कोड लिहायची पद्धत सगळ्या बाजाराने उचलली. "०००० ००६डी" ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली तर पहिला आकडा सांगतो की हा कच्चा लर्न केलेला कोड आहे, आणि दुसरा सांगतो की वाहक ३८ किलोहर्ट्झचा आहे. हे वाचता आलं की दुसऱ्या कुणी दिलेला कोड चालणार की नाही याचा अंदाज घरबसल्या येतो.

आता एसी. टीव्हीच्या रिमोटवर "आवाज वाढव" एवढीच आज्ञा जाते. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी पूर्ण स्थिती पाठवतो: कूलिंग, २४ अंश, पंखा मध्यम, स्विंग चालू. म्हणून एसीच्या रिमोटवरचं "तापमान वाढव" बटण लर्न करून काहीच उपयोग नसतो, ते कायम एकाच तापमानावर नेऊन ठेवतं. २२, २४, २६ अशा दोन-चार पूर्ण स्थिती वेगवेगळ्या लर्न करायच्या आणि क्लायंटला तेवढीच बटणं द्यायची. व्हीआरएफ एसी (बाहेरच्या एका युनिटवर अनेक खोल्या) असेल तर इन्फ्रारेडच्या भानगडीत न पडता एसीवाल्याकडून मॉडबस किंवा केएनएक्सचा गेटवे (एसीला तारेने ऑटोमेशनशी जोडणारा डबा) मागा, आणि तो एसीची ऑर्डर जाण्याआधी मागा.

टीव्हीचं पॉवर बटण ही वेगळी डोकेदुखी. एकाच बटणाने चालू आणि बंद होत असेल तर मॅक्रोला (एका बटणाने ओळीने जाणाऱ्या आज्ञांना) कळत नाही टीव्ही आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. घरातल्या कुणीतरी मूळ रिमोटने टीव्ही बंद केला की "मूव्ही" दाबल्यावर प्रोजेक्टर चालू आणि बंद व्हायचा तो टीव्हीपण चालू. बऱ्याच टीव्हींना "फक्त चालू" आणि "फक्त बंद" असे वेगळे कोड असतात, पण ते रिमोटवर नसतात, कोडच्या यादीत शोधावे लागतात. नाहीच मिळाले तर टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर व्होल्टेज आहे का बघणारा सेन्सर लावता येतो, पण काही टीव्ही बंद असतानाही यूएसबीला वीज देतात, तेव्हा आधी मीटरने तपासा.

फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेड रिसीव्हरच नसतो, तिचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो. बऱ्याच नव्या सेट-टॉप बॉक्सचंही तेच. सोम्फी कंपनीचे मोटरवाले आरटीएस पडदे ४३३.४२ मेगाहर्ट्झवर रोलिंग कोडने चालतात, म्हणजे दर वेळी कोड बदलतो. त्यामुळे बाजारातला ४३३.९२चा कॉपी करणारा रिमोट त्यांच्यापुढे चालत नाही.

आणि एक अगदी साधी गोष्ट. रिमोट मरलाय की एमिटर, हे ओळखायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा धरा. बहुतेक फोनवर एलईडी जांभळट लुकलुकताना दिसतो. पाम बीच रोडच्या बाजूला खारी हवा आणि पावसाळा मिळून एमिटरची चिकटपट्टी सुटते, एमिटर कॅबिनेटच्या मागे पडतो, आणि तक्रार येते "प्रोग्रामिंग बिघडलं".

मामा अमेरिकेहून सामान आणणार आहेत. चालेल?

व्होल्टेज बघा. तिकडे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. ॲडॅप्टर दोन्ही घेणारा असेल तर ठीक, पण भिंतीतला डिमर नाही घेत. झेड-वेव्ह (उपकरणं बिनतारी जोडायची एक पद्धत) असेल तर मुळीच नको. अमेरिकेतलं झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, भारतासाठीचं ८६५च्या आसपास. दोघांची गाठ पडत नाही, आणि ती फ्रिक्वेन्सी इथे तशी वापरायला मोकळी नाही. झिगबी ही तशीच दुसरी पद्धत, ती २.४ गिगाहर्ट्झवर असल्याने तिथे ही अडचण येत नाही. व्यवसायासाठी वायरलेस माल आयात करायचा तर डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) मंजुरी लागते. मामांच्या बॅगेतून धंदा करू नका.

घरी सराव कसा करू? किट महाग असतात.

लॅमिंग्टन रोडवरून टीएसओपी जातीचा इन्फ्रारेड रिसीव्हर, एक इन्फ्रारेड एलईडी आणि एक ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घ्या. घरातल्या प्रत्येक रिमोटचा कोड वाचा, वहीत लिहा, परत पाठवून बघा. जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट टाका. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, २०१३ पासून चालू आहे, आणि सीन, ऑटोमेशन, ट्रिगर या कल्पना त्यात तशाच्या तशा शिकता येतात. मुलाखतीला जाताना घरच्या सिस्टीमचा एक कागदी नकाशा घेऊन जा. कुठलं उपकरण, कुठली केबल, कुठला कोड. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांत असा कागद आणणारे फार थोडे, आणि त्यांची मुलाखत निम्म्या वेळात संपते.

वायरमनचं परमिट वेगळं लागतं का?

प्रोग्रामर लॅपटॉपवर काम करतो तोपर्यंत नाही. डीबीत हात घातला, २३० व्होल्टची जोडणी केली, की ते काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच व्हायला हवं असा नियम आहे. व्यवहारात साइटवर सगळे सगळं करतात, हे आम्हाला ठाऊक आहे. शॉक लागला किंवा आग लागली की मात्र विमा कंपनी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारते. एमसीबी बंद करून घ्या, टेस्टर लावून बघा, मग हात लावा.

मुलीला या लाइनमध्ये पाठवू का?

प्रोग्रामिंग, डिझाइन आणि कमिशनिंगचं (सिस्टीम चालू करून तपासून देण्याचं) काम मुली उत्तम करतात, याबद्दल शंका नको. अडचण कामाची नाही, साइटची आहे. बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये धड स्वच्छतागृह नसतं, लिफ्ट चालू नसते, आणि हँडओव्हरच्या आठवड्यात रात्रीचे दहा वाजतात. नोकरी घेताना विचारा: साइटवर दोघं मिळून पाठवता का, रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय कुणाची? या प्रश्नावर जो मालक हसतो त्याच्याकडे जाऊ नका.

ठाणे-नवी मुंबईत एवढं काम खरंच आहे?

आहे, पण एकसारखं नाही. कोलशेत, मानपाडा, कासारवडवलीच्या नव्या टॉवरांत बिल्डर स्वतःच थोडं ऑटोमेशन देतो. तिथे काम मिळतं ते बिल्डरने दिलेलं आणि क्लायंटने आणलेलं एकमेकांना जोडण्याचं, म्हणजे सगळ्यात किचकट. नौपाड्यात पुनर्विकासातून नव्या इमारतीत आलेली कुटुंबं मोजकंच मागतात, पण वेळेवर पैसे देतात. नेरूळ, सीवूड्स, खारघरला मोठे फ्लॅट आणि रो-हाउस. ऐरोली-महापे पट्ट्यात ऑफिसं. ठाणे-वाशी लोकल जवळ असली की दोन्हीकडची कामं घेता येतात, फक्त बहुतेक सोसायट्या दुपारी दोन ते चार आवाजाचं काम करू देत नाहीत हे वेळापत्रकात धरा.

वर्षातून एकदा मुंबईत इन्फोकॉम इंडिया हे ऑडिओ-व्हिडिओचं प्रदर्शन भरतं. एक दिवस सुट्टी काढून जा. क्लासच्या जाहिरातीपेक्षा तिथल्या स्टॉलवरच्या गप्पांतून जास्त कळतं की या वर्षी कुठल्या ब्रँडचे डीलर माणसं शोधतायत.

कंपनीच बंद पडली तर सर्टिफिकेटचं काय?

जे हार्मनीचं झालं तेच. लॉजिटेकने २०२१ मध्ये हार्मनी रिमोट बनवणं थांबवलं, आणि फक्त हार्मनीवरच धंदा उभा केलेले लोक हातात अडकलेला माल घेऊन बसले. मालकीही बदलते. कंट्रोल४ २०१९ मध्ये स्नॅपएव्हीत गेलं, ती कंपनी पुढे स्नॅप वन झाली, आणि २०२४ मध्ये रेसिडिओने तिला विकत घेतलं. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॅटर या सामायिक पद्धतीमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची साधी उपकरणं एकमेकांशी बोलू लागली आहेत. बल्ब-प्लगच्या कामात त्यामुळे प्रोग्रामरची गरज कमी होईल. थिएटर, एसी आणि पडदे यांचा मेळ घालण्यात मात्र अजून माणूस लागतोच.

(घरमालकांचा) प्रोग्रामरकडे खरंच सर्टिफिकेट आहे का, कसं तपासू?

केएनएक्स पार्टनर असेल तर केएनएक्सच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. सीटीएसधारकांचीही नावं अव्हिक्साच्या यादीत पडताळता येतात. कंपनीच्या सर्टिफिकेटसाठी त्या ब्रँडच्या भारतातल्या वितरकाला फोन करून विचारा की अमुक डीलर तुमच्याकडे नोंदलेला आहे का. आणि सर्टिफिकेट कंपनीच्या नावावर आहे की तुमच्या घरी येणाऱ्या मुलाच्या, हेही विचारा. दाखवायला एक आणि पाठवायला दुसरा, असं होतं.

(घरमालकांचा) काम संपल्यावर प्रोजेक्ट फाइल मागावी का? ते देत नाहीत म्हणतात.

मागा, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी मागा. या बाबतीत आमच्याच धंद्यातले लोक आमच्यावर चिडतात. फाइल दिली की क्लायंट दुसऱ्याकडे जाईल, ही भीती. जाईलही. पण फाइल नसेल तर दुसऱ्या प्रोग्रामरला केएनएक्सचं अख्खं घर पहिल्यापासून उभं करावं लागतं, कारण उपकरणांतून ग्रुप ॲड्रेसची नावं आणि रचना जशीच्या तशी परत वाचता येत नाही. तुमच्या पैशाने झालेलं काम तुमच्याकडे असायला हवं. कोटेशनमध्येच लिहून घ्या: प्रोजेक्ट फाइल, उपकरणांची यादी, आयपी ॲड्रेस आणि पासवर्डची यादी, डीबीचा नकाशा. एएमसीचा करार त्यानंतर.

(घरमालकांचा) आईला रिमोट जमत नाही. बटणं कमी करता येतील का?

येतील. हँडओव्हरनंतर दोन आठवड्यांनी प्रोग्रामरला परत बोलवा, ही भेट कोटेशनमध्ये धरून ठेवा. एव्हाना कळलेलं असतं की चाळीस बटणांतली सात-आठच वापरली जातात. बाकीची दुसऱ्या पानावर ढकलायची. आईच्या खोलीतल्या रिमोटवर मालिकेचं चॅनेल, एसी २६, पंखा आणि "सगळं बंद", एवढंच ठेवायचं, आणि नावं मराठीत लिहायची. टचस्क्रीन असलेल्या रिमोटवर देवनागरी अक्षरं नीट येत नसतील तर बटणाचं चित्र बनवून त्यावर नाव लिहून टाकता येतं. प्रोग्रामर नाही म्हणाला तर त्याला हे सांगा.